‘एकच मालक, उत्तम स्थितीत’ : एका जुन्या मस्टँगच्या निमित्तानं जाहिरात लेखनाचा पाठ



नववी-दहावीच्या उपयोजित लेखनात जाहिरात लेखन असतं. आपण सगळेच ते शिकवतो आणि खरं सांगायचं तर सगळे एकाच साच्यात शिकवतो. चौकट आखा, मथळा ठसठशीत काढा, एखादं यमक जुळवा, ‘त्वरा करा, त्वरा करा’ लिहा, खाली संपर्क. तपासतानाही आपण हेच बघतो. मी पंधरा वर्षं हेच करत आले.

गेल्या वर्षी ‘वापरलेली सायकल विकणे आहे’ असा विषय दिला होता. एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, जाहिरातीत खोटं लिहिलं तर गुण कापतात का?” वर्ग हसला. तो मात्र हसत नव्हता. मी ‘लिहा आता गुपचूप’ म्हणून वेळ मारून नेली. नंतर कळलं, त्याच्या वडिलांनी भाजीच्या धंद्यासाठी जुना टेम्पो घेतला होता. जाहिरातीत होतं, ‘सिंगल हँड, कंडिशन एक नंबर’. टेम्पो घरी आल्यावर आरसी बुक नीट वाचलं, तर विकणारा दुसरा मालक होता. म्हणजे आता हे तिसरे. इंजिनाचं काम निघालं ते वेगळंच.

त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला बरंच नंतर मिळालं, तेही फार लांबून. माझा भाऊ अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, पंधरा वर्षांची आहे. तिच्या शेजारी ऐंशी पार केलेले एक आजोबा राहतात. त्यांच्याकडे १९६५ सालची फोर्ड मस्टँग आहे, दुमडत्या छताची, ज्याला तिकडे कन्व्हर्टिबल म्हणतात. जून १९६५ मध्ये त्यांनी ती कोरी घेतली आणि तेव्हापासून ती त्यांच्याकडेच. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, गाडी चालवणं बंद झालं, घर सोडून मुलीकडे राहायला जायचं ठरलं. तिथे गॅरेज नाही. म्हणून गाडी विकायची. जाहिरात लिहायला त्यांनी माझ्या भाचीला बसवलं, कारण टायपिंग त्यांना जमत नाही. तिनं पहिला मसुदा लिहिला आणि मराठी करून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, “आत्या, तू शिकवतेस ना हे, कसं झालंय सांग.”

मसुदा असा होता : ‘अप्रतिम! दुर्मीळ! १९६५ची लाल मस्टँग कन्व्हर्टिबल. एकच मालक. पूर्णपणे ओरिजनल. फक्त ३८,००० मैल. उत्कृष्ट स्थिती. पाहताच प्रेमात पडाल!’

आपल्याकडे असती तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. आजोबांनी मात्र तो कागद परत केला. म्हणाले, “यातलं ‘एकच मालक’ आणि ‘१९६५’ एवढंच खरं आहे.”

आधी थोडं गाडीविषयी

हा पाठ घ्यायचा असेल तर मुलांना गाडीची ओळख करून द्या, नाहीतर ‘एक जुनी मोटार’ एवढ्यावरच त्यांचा रस संपतो. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातला मोकाट घोडा. गाडीच्या पुढच्या जाळीवर धावत्या घोड्याचं चिन्ह असतं. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्ड कंपनीनं ही गाडी लोकांपुढे आणली. साध्या, बंद छताच्या गाडीची मूळ किंमत २,३६८ डॉलर ठेवली होती. तरुण, नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसालाही झेपेल असा हिशेब होता. गाडी इतकी खपली की दोन वर्षांच्या आत दहा लाखांचा आकडा गाठला.

शिक्षकांना सांगायलाच हवी अशी एक गोष्ट यात आहे. अमेरिकेत ग्राहकाला विकली गेलेली पहिली मस्टँग म्हणून जी ओळखली जाते, ती शिकागोतल्या एका बावीस वर्षांच्या शिक्षिकेनं घेतली. तीसुद्धा कन्व्हर्टिबल, फिकट निळी. ती शोरूममध्ये गेली तेव्हा गाडी अधिकृतपणे बाजारात यायला दोन दिवस बाकी होते. विक्रेत्यानं मागच्या बाजूला झाकून ठेवलेल्या गाडीवरचं कापड काढलं आणि हिनं ती तिथेच घेऊन टाकली. सुमारे ३,४०० डॉलरला, आईवडिलांकडून पैसे उसने घेऊन. पुढे ती गाडी बंद पडली आणि कित्येक वर्षं घरच्या गॅरेजमध्येच पडून राहिली. नंतर नवऱ्यानं ती दुरुस्त केली. आपण पहिले, हे या दोघांना फार उशिरा समजलं. दुसऱ्या कुणीतरी १६ एप्रिलला घेतल्याचा दावा केला होता आणि यांच्याकडच्या कागदावर तारीख होती १५ एप्रिल १९६४. कागद जपून ठेवला नसता तर ‘आमची पहिली’ हे घरातल्या गप्पांपुरतंच राहिलं असतं.

अनुक्रमांकानं जी पहिली, ती वेगळी. पांढरी कन्व्हर्टिबल, कॅनडातल्या न्यूफाउंडलँडमधल्या एका विक्रेत्याकडे प्रदर्शनासाठी गेलेली. कॅप्टन स्टॅन्ली टकर या वैमानिकाला ती आवडली आणि त्यांनी घेतली. कंपनीला ती परत हवी होती, पण टकर यांना विकायची नव्हती. शेवटी १९६६ मध्ये एक नवी कोरी मस्टँग देऊन कंपनीनं ती परत मिळवली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. एकाच मालकाच्या मस्टँगचा याहून नामी सौदा मला तरी माहीत नाही.

आता वळू या भाचीच्या मसुद्याकडे.

‘दुर्मीळ’ आणि ‘अप्रतिम’

‘दुर्मीळ’ हा शब्द एका आकड्यानं पडला. त्या पहिल्या मॉडेल-वर्षात मस्टँगच्या कन्व्हर्टिबल एक लाखाहून जास्त तयार झाल्या. आजोबा म्हणाले, “माझ्यासाठी एकच आहे, पण ते घेणाऱ्याला काय त्याचं?” ‘अप्रतिम’ आणि ‘पाहताच प्रेमात पडाल’ ही वाक्यं तर त्यांनी न बोलता खोडली. फोटो दिसतोच आहे, प्रेमात पडायचं की नाही ते बघणारा ठरवेल.

‘ओरिजनल’

खरी मजा इथे झाली. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘ओरिजनल’ या शब्दाला वजन आहे. जशी कारखान्यातून निघाली तशीच, रंगसुद्धा तोच, असा त्याचा कडक अर्थ. सगळी उलगडून नव्यासारखी केलेली गाडी वेगळी, तिला ‘रिस्टोअर’ केलेली म्हणतात. दोन्हींना गिऱ्हाईक असतं, पण वेगवेगळं. एकीला दुसरीचं नाव देऊन विकणं म्हणजे फसवणूकच.

आजोबांनी भाचीला बॉनेट उघडून आत चालकाच्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर दाखवला. त्याची सुरुवात अशी : ५, एफ, ०८, सी. मग सहा आकडे. ५ म्हणजे १९६५. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, त्यांच्या घरापासून तासाभराच्या आतला. (सॅन होजेला बनली असती तर आर, मेटुचेनला बनली असती तर टी.) ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल. बंद छताच्या हार्डटॉपला ०७ असतो आणि मागे उतरत्या छताच्या फास्टबॅकला ०९. सी म्हणजे २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं.

हा ०८ फार महत्त्वाचा. कन्व्हर्टिबलला बंद गाडीपेक्षा जास्त भाव येतो, त्यामुळे छत कापून ‘कन्व्हर्टिबल’ बनवण्याचे उद्योग करणारे असतात. नंबरात ०७ असेल आणि समोर उघडी गाडी उभी असेल, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. विशेषण बदलता येतं, पत्र्यावर ठोकलेला आकडा सहज बदलता येत नाही, आणि बदलायला गेलंच कुणी तर तो गुन्हा आहे.

चालकाच्या दारावर आणखी एक छोटी पट्टी असते. तिच्यावर गाडीचा रंग, आतल्या सीटचा प्रकार, गिअरचा प्रकार असं सगळं सांकेतिक अक्षरांत असतं. भाचीनं इंटरनेटवरून अक्षरांची यादी काढली आणि एकेक जुळवत बसली. रंगाच्या जागी होतं एम. यादीत एम म्हणजे विम्बल्डन व्हाइट. पांढरा! लाल गाडीला जे असतं त्यासाठी जे हे अक्षर आहे, रंगून रेड. ती धावत आजोबांकडे गेली, “तुमची गाडी पांढरी आहे!” ते शांतपणे म्हणाले, “होती. १९८२ मध्ये हिला लाल हवी झाली.” हिला म्हणजे त्यांच्या पत्नीला. त्या आता नाहीत. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांनी लपवली नव्हती, कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा ‘ओरिजनल’ गेलं. त्याजागी आलं, ‘मूळ रंग पांढरा. १९८२ मध्ये लाल रंग दिला.’ भाची मला म्हणाली, “आत्या, वाचायला किती कोरडं वाटतं ना!” मला नाही वाटलं. उलट ते वाचून मला त्या आजी दिसल्या.

काट्यावरचे ३८,४१२

आता गणिताच्या शिक्षकांनी इकडे लक्ष द्यावं. त्या काळातल्या मस्टँगच्या काट्यावर पूर्ण मैलांचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर पुन्हा ०००००. त्यामुळे काट्यावर ३८,४१२ दिसलं, तर गाडी ३८,४१२ मैल चालली असेल, किंवा १,३८,४१२, किंवा २,३८,४१२. काटा स्वतः सांगू शकत नाही. ‘फक्त ३८,००० मैल’ लिहिणारी माझी भाची खोटं बोलत नव्हती, तिनं जे दिसलं ते लिहिलं. पण जे दिसतं ते वाचणं आणि त्याचा अर्थ लावणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण आणि निष्कर्ष म्हणतो ते हेच.

आजोबांकडे एक वही आहे. प्रत्येक ऑइल बदलल्याची तारीख, काट्यावरचा आकडा आणि काय काम केलं, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. त्यातल्या पाच नोंदी भाचीनं मला पाठवल्या आणि मी त्या तशाच फळ्यावर लिहिल्या :

१९७४ – ७१,२०५
१९८१ – ९६,८८०
१९८४ – २,३१५
१९९६ – १९,४४०
गेल्या वर्षी – ३८,४१२

प्रश्न दिला, १९८१ ते १९८४ मध्ये गाडी किती मैल चालली? एका गटानं इमानदारीत वजाबाकी केली आणि उत्तर काढलं, उणे ९४,५६५. “मॅडम, गाडी मागे मागे चालली!” वर्गात हास्याचा स्फोट. मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात उजेड पडला. काटा फिरला! म्हणजे २,३१५ हे खरं तर १,०२,३१५. उत्तर ५,४३५ मैल. आणि एकूण १,३८,४१२ मैल, म्हणजे सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास. सातवीची मुलंसुद्धा हे करू शकतात, मी करून पाहिलंय.

पुढचा प्रश्न जास्त मोलाचा : ही वही नसती तर आपण काय लिहिलं असतं? बऱ्याच मुलांनी सांगितलं, ‘१,३८,४१२’. एक मुलगी म्हणाली, “काट्यावर ३८,४१२ दिसतात, खरे किती ते माहीत नाही, असं लिहायचं.” मी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

‘उत्कृष्ट’

आपल्याला वाटतं उत्कृष्ट, उत्तम, छान हे सगळे एकाच घरातले शब्द. अमेरिकेत जुन्या गाड्यांचे भाव सांगणारी हॅगर्टी नावाची कंपनी आहे, तिनं गाडीच्या स्थितीचे चार दर्जे केलेत. पहिला, स्पर्धेत बक्षीस मिळवणारी. दुसरा ‘उत्कृष्ट’. तिसरा ‘चांगली’. चौथा ‘बरी’. म्हणजे तिकडच्या जाणत्या गिऱ्हाइकासाठी ‘उत्कृष्ट’ हे कौतुक नसून ठरावीक पायरी आहे, आणि तिच्याबरोबर ठरावीक भाव येतो. आजोबांनी स्वतः आपल्या गाडीला तिसरी पायरी दिली. रस्त्यावर मजेत चालवता येते, लांबून सुंदर दिसते, जवळून बघणाऱ्याला खुणा सापडतात.

खुणा कोणत्या, तेही सांगते, कारण खरा पेच इथे आला.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा खातं. आजोबा हिवाळ्यात गाडी बाहेर काढत नसत, पण सुरुवातीची काही वर्षं त्यांच्याकडे ही एकच गाडी होती. शिवाय या मस्टँगची एक जन्मजात खोड म्हणजे समोरच्या काचेखाली हवा आत घेण्याची जी जागा असते, ती आतून गंजते आणि पावसाचं पाणी थेट पायाशी गळतं. तर या गाडीतही डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तळाचा पत्रा खराब झाला होता. उजव्या बाजूला १९९६ मध्ये ठिगळ लावून वेल्डिंग केलं होतं. डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढं भोक होतं, गालिच्याखाली.

बंद गाडीत हे एक वेळ चाललं असतं. कन्व्हर्टिबलला छत नाही, म्हणजे वरून गाडी बांधून धरणारं काही नाही. सगळी ताकद तळात आणि दारांखालच्या तुळयांत. म्हणून कारखान्यातच त्यांना जास्तीचा पत्रा दिलेला असतो. तो कुजला तर गाडी मधून वाकते आणि दारं नीट लागेनाशी होतात. जाणता गिऱ्हाईक आधी दाराच्या फटी बघतो, वर-खाली सारख्या आहेत का. मग चुंबक घेऊन पत्र्यावरून फिरवतो. पुट्टी भरली असेल तिथे चुंबक चिकटत नाही.

आजोबांच्या मुलीचं म्हणणं पडलं की भोकाचं जाहिरातीत कशाला? तिकडे खासगी व्यवहारात ‘जशी आहे तशी’ असं लिहून गाडी विकतात, नंतर तक्रार चालत नाही. बघायला येणारा बघेलच की! आणि तिची बाजू अगदीच चुकीची नव्हती. वडील घर सोडून तिच्याकडे येणार होते, औषधपाण्याचा खर्च होता, त्या पैशांचा तिला आधार होता. भाचीनं मला फोन केला. “आत्या, काय लिहू? ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत.”

मी काय सांगितलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मी म्हटलं, “तू लहान आहेस, त्यांच्या घरच्या भांडणात पडू नकोस.” शिक्षिकेचं उत्तर नव्हतं ते. मला वर्गातला तो मुलगा आठवायला हवा होता. आठवला, पण फोन ठेवल्यावर.

आजोबांनीच तोडगा काढला. मुलीला गॅरेजमध्ये बोलावलं, गालिचा उचलला आणि भाचीला सांगितलं, “याचा फोटो काढ. चांगला उजेडात काढ.” मुलीला एवढंच म्हणाले, “जो माणूस आठ तास गाडी चालवत येईल, त्याला इथे पोचल्यावर हे दिसावं असं मला वाटत नाही. त्याला ते घरी बसून दिसू दे.” ती काही बोलली नाही. पटलं असं नाही. भाची सांगते, दोन दिवस ती गप्पच होती.

शेवटी छापली ती जाहिरात

‘विकणे आहे : १९६५ फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल. जून १९६५ मध्ये मी नवी घेतली, तेव्हापासून माझ्याच नावावर. खरेदीची पावती आणि सर्व दुरुस्त्यांची वही सोबत देईन. व्ही-८, २८९ इंजिन, तीन गिअर ऑटोमॅटिक. मूळ रंग पांढरा, १९८२ मध्ये लाल केला. काट्यावर ३८,४१२, पण काटा एकदा फिरला आहे, एकूण १,३८,४१२ मैल, वहीत नोंदी आहेत. छताचं कापड २००८ मध्ये नवं बसवलं, छत हातानं उघडतं. तळाच्या पत्र्याला उजवीकडे जुनं ठिगळ, डावीकडे छोटं भोक, फोटो जोडला आहे. दारं नीट लागतात. गेली दोन वर्षं मी चालवलेली नाही, शेजारी महिन्यातून एकदा चालू करतो. विकण्याचं कारण : मला आता दिसत नाही.’

हीच जाहिरात मी वर्गात पहिल्या मसुद्याशेजारी लावली. मुलांना एकच काम दिलं, दोन्हींतल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढा, पण ज्याची खातरजमा एखादा अनोळखी माणूस करू शकेल अशाच शब्दाखाली. पहिल्या जाहिरातीत तीन-चार रेघा पडल्या. दुसरी जवळजवळ सगळी रेघांनी भरली. आणि गंमत बघा, दुसरीत ‘सुंदर’ हा शब्द एकदाही नाही, तरी “कुठली गाडी घ्याल?” विचारल्यावर बहुतेक हात दुसरीला वर झाले.

‘एकच मालक’ या शब्दावर मात्र थोडं थांबा. त्याचाही लोक मनासारखा अर्थ लावतात. बापानं घेतली, मुलीला दिली, मुलगी म्हणते एकच मालक. कागदावर ते दोन झाले, ‘एकाच कुटुंबाची’ म्हणावं. आणि एका मालकाची गाडी चांगलीच असते असंही नाही. एक निष्काळजी मालक तीन काळजीवाल्यांपेक्षा वाईट. मग लोक जास्त पैसे का देतात? माझ्या मते ते आठवणीला देतात. गाडीला काय केव्हा झालं ते सगळं सांगू शकणारा एक माणूस समोर बसलेला असतो. तो माणूस नसेल आणि वहीही नसेल, तर ‘सिंगल हँड’ला काडीची किंमत नाही.

आपल्याकडे हे तपासणं सोपं आहे. आरसीवर मालकाचा अनुक्रमांक छापलेला असतो, पहिला, दुसरा, तिसरा. मुलांना घरच्या गाडीची आरसी वाचायला सांगा. पालकांनो, दाखवा त्यांना. पॉलिसीचे कागद, वीजबिल, आरसी वाचता येणं हे भाषेचंच शिक्षण आहे.

पुढे काय झालं

फोन कमी आले. भाचीच्या भाषेत ‘सहाच’. त्यातल्या दोघांनी भोकाबद्दल ऐकून घासाघीस सुरू केली आणि आजोबांनी फोन ठेवला. तिसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ आले, बायकोला घेऊन. टॉर्च, चुंबक, अंगावर जुना डगला. जमिनीवर आडवे होऊन अर्धा तास गाडीखाली होते. बाहेर आले आणि म्हणाले, “लिहिलंय तेवढंच आहे.” मग त्यांनी हीटर लावून बघितला. हीटर चालेना! हे जाहिरातीत नव्हतं. आजोबा ओशाळले. हिवाळ्यात गाडी काढायचीच नाही, त्यामुळे कित्येक वर्षांत हीटर लावला नव्हता, त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आपण होऊन तीनशे डॉलर कमी केले.

हा भाग वर्गात जरूर घ्या. लपवणं आणि राहून जाणं यातला फरक मुलांना भाषणानं कळत नाही, हीटरनं कळतो.

व्यवहार तिकडच्या पद्धतीनं झाला. बनावट बँक-चेकनं फसवणारे पुष्कळ, म्हणून दोघं मिळून खरेदीदाराच्या बँकेच्या शाखेत गेले, पैसे जमा झाल्यावर आजोबांनी मालकीच्या कागदावर सही केली. नंबरप्लेट काढून ठेवली, मिशिगनमध्ये ती विकणाऱ्याकडेच राहते. वही देताना मात्र त्यांनी शेवटच्या पानावर तारीख, ३८,४१२ आणि ‘विकली’ असं लिहिलं. अपेक्षेपेक्षा पैसे थोडे कमी आले. मुलगी त्यावरून अजून अधूनमधून बोलते म्हणे.

वर्गात हा पाठ झाल्यावर मी गृहपाठ दिला : घरातली एक वापरलेली वस्तू, तिची खरी जाहिरात, किमान एक दोष सांगून. मिक्सर आले, दप्तरं आली, एक म्हैसही आली (‘डाव्या पायानं लाथ मारते’). तो मुलगा सगळ्यांत शेवटी वही घेऊन आला. वडील आता टेम्पो विकायच्या विचारात आहेत. त्यानं लिहिलं होतं, ‘टेम्पो विकणे आहे. आम्ही तिसरे मालक. इंजिनाचं काम केलं, बिल आहे. दुसऱ्या गिअरला आवाज येतो.’

“बाबांना दाखवलं?” मी विचारलं.

“दाखवलं. ते म्हणाले, आपल्याला कुणी असं सांगितलं होतं का?”

“मग तू काय म्हणालास?”

“काही नाही. गिअरचं खोडू का, मॅडम?”

मी त्याला खोड म्हटलं नाही आणि ठेव असंही म्हटलं नाही. खाली गुण लिहिले, पूर्ण दिले. शनिवारच्या पालकसभेला त्याचे वडील येणार आहेत, वही त्यांनी सोबत आणावी असा निरोप मी धाडलाय.